दांडी थोरल्यांची, बटणं धाकट्यांची

धाकट्यांना त्यांच्या लेकीनं लोळवलं ते रविवारी सकाळी, चहा गार व्हायच्या आत.

लोळवलं म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर. पण अपमान पडद्यावर झाला काय आणि चारचौघांत झाला काय, गिळावा आपल्यालाच लागतो. इथे तर दोन्ही एकदम. मारणारी पोटची पोर, बघणारी बायको, आणि पेपर मागायला म्हणून आलेले शेजारचे हेडमास्तर नेमके दारात उभे. हेडमास्तरांना निवृत्त होऊन युगं लोटली, पण कुणी नापास होताना दिसलं की त्यांचा चेहरा अजून खुलतो.

"अहो, तुमचा तो माणूस भिंतीला का मारतोय?" बायकोनं विचारलं.

"डावपेच आहे तो," धाकटे म्हणाले. तेवढ्यात लेकीच्या वेणीवाल्या पोरीनं मागून येऊन डावपेचाच्या पेकाटात लाथ घातली आणि खेळ आटोपला.

झालं होतं असं. नोकरी लागल्यावर लेकीनं हौसेनं घेतलेली पहिली वस्तू म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आणि त्यात 'वादळवंश' नावाच्या मारामारीच्या खेळाचा ताजा, आठवा भाग. धाकटे दाढी करता करता सहज बाहेर डोकावले, तर पडद्यावर एक दांडगा, टकला पहिलवान कमरेवर हात ठेवून उभा. गालावरचा फेस गालावरच राहिला. "अगं, हा तर आपला टकल्या!" ते ओरडले. त्याचं खरं नाव त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आताही नाही. ते शाळेत असताना सायकलच्या दुकानामागच्या खोलीत या खेळाच्या पहिल्या भागाचं मशीन होतं. उंच लाकडी कपाटासारखं, छातीशी एक दांडी आणि बटणांची रांग.

"त्या मशीनवर आमच्यापुढे कुणी उभं राहत नसे," धाकटे म्हणाले.

"आमच्या म्हणजे? अजून कोण होतं, बाबा?"

"होतो आम्ही काही मुलं," असं म्हणून धाकटे फेस पुसायला आत गेले, आणि परत आले ते बाह्या सरसावूनच. पुढचं तुम्ही वाचलंतच.

आता 'काही मुलं' म्हणजे दोनच मुलं. आणि त्यांतलं दुसरं मूल त्याच क्षणी त्याच घरात, धाकट्यांच्या बरोबर पायाखाली, तळमजल्यावर बसून नखं कापत होतं. ते म्हणजे थोरले. गल्लीत या दोघांची नावं कुणालाच आठवत नाहीत. पोस्टमनसुद्धा 'थोरल्यांचं' आणि 'धाकट्यांचं' एवढंच म्हणतो.

लहानपणी दोघांत मिळून नाणं एकच असायचं, आणि मशीन एका नाण्यात एकालाच खेळू द्यायचं. पण पोटात भूक असली की पोरांना अक्कल सुचते. थोरल्यांनी डावीकडे उभं राहून दांडी धरायची, धाकट्यांनी उजवीकडे उभं राहून बटणं दाबायची. दोघांचा मिळून एक टकल्या. टकल्याचा हुकमी डाव म्हणजे भोवरा. दांडी मागून पुढे अर्धी गोल फिरवायची आणि ती पुढे पोचते त्याच क्षणी कडेची दोन बटणं एकदम. जरा उशीर झाला की टकल्या भर मारामारीत नुसता आळस दिल्यासारखे हात पसरायचा आणि मार खायचा. म्हणून थोरले दांडी फिरवता फिरवता फक्त "हं" म्हणायचे. "हं" आला की धाकट्यांची बोटं पडलीच. आख्खं बालपण त्या एका "हं"वर निघालं. दुसरं काही बोलायची कधी गरजच पडली नाही.

पुढे दोघं मोठे झाले आणि बोलायला लागले, तिथे घोटाळा झाला. वडील गेल्यावर घर रंगवायचं निघालं. थोरले म्हणाले पिवळं. धाकटे म्हणाले निळं. आजही ते घर पाहिलंत तर खालून पिवळं आणि वरून निळं आहे, आणि मधल्या पट्ट्यावर जिथे दोन रंग भेटतात तिथे रंगाऱ्यानं हात टेकून कपाळावर मारून घेतल्याच्या खुणा आहेत, असं लोक सांगतात. रंगाऱ्यानं शिडी उतरवली त्या दिवशी दोघं भाऊ बोलायचे बंद झाले, त्याला आता दहा-बारा वर्षं होतील. दोघी जावांचं मात्र छान जमायचं. विरजण वर जायचं, बातम्या खाली यायच्या. खरं सांगायचं तर दोघा भावांचं वैर या दोघींच्या गप्पांमुळेच इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं.

तर धाकटे हरले ते डाव्या हातामुळे. उजव्या हाताची बोटं अजून तशीच वाऱ्यासारखी चालत होती, पण डाव्या हाताला दांडी कधी शिवलीच नव्हती. पण स्वतःच्या हाताला दोष देणारा माणूस सरकारी नोकरीत टिकेल कसा? धाकट्यांनी खेळाला दोष दिला. "मधल्या भागांत यांनी नियम बदललेत," ते म्हणाले.

"अस्सं!" हेडमास्तरांनी पेपरची घडी बगलेत मारली. "म्हणजे पाया कच्चा ठेवून तुम्ही थेट आठवीत बसलात. पहिलीपासून सुरुवात करा. दुसरा उपाय नाही."

सल्ला फुकटचा होता, पण जिव्हारी लागला. धाकट्यांनी त्याच संध्याकाळी लेकीला फर्मावलं, "मला हा वादळवंश पहिल्या भागापासून समजावून सांग. काही गाळायचं नाही."

इथे एक सांगायला हवं. धाकटे नोकरीला वारस नोंदणी विभागात. कोण वारलं, कुणाच्या माघारी कोण, कुणाचं नाव लावायचं आणि कुणाचं कमी करायचं, हे आयुष्यभर केलेला माणूस. त्यामुळे लेक गोष्ट सांगत होती खेळाची आणि धाकटे ऐकत होते प्रकरण.

"पहिल्या भागात गोष्ट दोनच ओळींची आहे," लेक म्हणाली. "वादळ घराण्याचा गुरू मेला. आता त्याच्या गादीवर कोण, म्हणून सगळे भांडतात. खेळ साधा. ठोसा, लाथ, उडी."

"मृत्युपत्र?"

"नाही केलं."

"बघ!" धाकट्यांनी मांडीवर थाप मारली. "एक साधा कागद केला असता तर पुढचे सात भाग वाचले असते."

दुसऱ्या भागात गुरूच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा हक्क सांगत आला, आणि खेळात समोरच्याला धरून आपटायची सोय झाली. धाकट्यांच्या मते या दोन गोष्टींचा जवळचा संबंध होता. तिसऱ्या भागात कळलं की गुरू मेलेलाच नाही, गुहेत राहतोय. हे ऐकून धाकटे खुर्चीतून उठले आणि येरझाऱ्या घालू लागले. "मग दाखला दिला कोणी? सही कुणाची आहे त्यावर?" लेकीनं सांगितलं, बाबा, ते सोडा, तिसऱ्या भागातली खरी गंमत म्हणजे एकावर एक फटके जोडता यायला लागले. एकदा समोरच्याला हवेत उडवलं की तो खालीच येत नाही, वरच्या वर मार खातो. धाकट्यांना हे पटकन समजलं, कारण त्यांच्या खात्यात बदल्या अशाच व्हायच्या.

चौथ्या भागाबद्दल लेक जरा खालच्या आवाजात बोलली. प्रत्येक घराण्यात एक काका असतो, ज्याचं नाव पाहुण्यांसमोर काढत नाहीत. वादळवंशाचा चौथा भाग तसा आहे. त्यात चित्रं बदलली, चालण्याची पद्धत बदलली, जुने पहिलवान सगळे काढून टाकले आणि नवीन सुबक पोरं आणली. टकल्या नाहीच.

"नाहीच?" धाकट्यांचा आवाज बसला.

"लोक चिडले ना! कंपनीला पाचव्यात त्याला परत आणावा लागला. आणि पाचव्यात एक पट्टी आली, बाबा. खाली बघा, ही. आपण जितका मार खाऊ तितकी ही भरत जाते. पूर्ण भरली की मगच सगळ्यात मोठा तडाखा देता येतो."

धाकटे त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. मार खाणाऱ्या माणसाचा कुणीतरी विचार केला, याचं त्यांना फार बरं वाटलं. सहाव्यात जोडीदार घेऊन लढता यायला लागलं, सातव्यात टकल्याला एक लेक निघाली, आणि आठव्यात काळाचं चक्र फिरून सगळं परत पहिल्यासारखं झालं. "पण एक गोष्ट कुणी बदलली नाही," लेक म्हणाली. "टकल्याचा भोवरा. पहिल्या भागात जसा होता तसाच आठव्यात. मागून पुढे अर्धा गोल आणि दोन बटणं. त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही."

एवढं गुंतागुंतीचं प्रकरण तोंडी लक्षात राहणं शक्य नव्हतं. धाकट्यांनी मोठ्या कागदावर वादळ घराण्याची वंशावळ काढली आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावली. अक्षर वळणदार, रेघा पट्टीनं मारलेल्या. वर 'मूळ पुरुष', त्याखाली 'प्रथम पत्नी' आणि 'द्वितीय पत्नी (हरकत प्रलंबित)', आणि मूळ पुरुषाच्या नावापुढे लाल शाईत 'मयत नाही. गुहेत वास्तव्य.' त्या कागदाचा पुढे काय प्रताप होणार होता याची धाकट्यांना कल्पना नव्हती. ते त्याच्याकडे लांबून बघून खूश होत होते.

अभ्यास झाला, पण डावा हात सुधारेना. उलट सरावानं अंगठा सुजला, म्हणून ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. औषधवाल्यानं मलम दिलं आणि मलमापेक्षा मोठा सल्ला दिला. "अंगठा बरा आहे तुमचा, हत्यार चुकीचं आहे. त्या चिमुकल्या रिमोटवर तुमच्या काळचा माणूस खेळणार कसा? जुन्या मशीनसारखी दांडी-बटणांची जॉयस्टिक मिळते. ती मागवा."

धाकट्यांनी मागवली. ती आली, पण घरी न येता पार्सल ऑफिसात अडकली. धाकटे अर्धी रजा टाकून गेले.

"आत काय आहे? खेळणं?" पहिल्या खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"खेळणं नाही, खेळायची वस्तू आहे," धाकटे म्हणाले. शब्द जपून वापरायची सवय माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. त्यांना ती क्रीडा साहित्याच्या खिडकीकडे घेऊन गेली.

"यानं घाम येतो का?"

"येतो."

"पळावं लागतं?"

"नाही. बसून."

"मग क्रीडा नाही. विजेची उपकरणं, पलीकडे."

पलीकडच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पत्ता तपासला, आणि मग चष्मा वर केला. "हे घर तर तुमच्या वडिलांच्या नावावर दिसतंय."

"ते वारले. बरीच वर्षं झाली."

"वारस नोंद?"

 नोंदीसाठी दोन्ही भावांनी एका टेबलाशी बसून, अधिकाऱ्यासमोर, "हा माझा भाऊ" असं तोंडानं म्हणायचं असतं. तेवढं एक वाक्य राहून गेलं होतं.

"व्हायचीय," ते पुटपुटले.

"लवकर करून घ्या. असं ठेवू नये. आपण काय करता?"

धाकट्यांच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड लोंबत होतं. बाईंनीच ते वाचलं. मग शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारून त्यांनाही वाचायला लावलं. कार्ड गळ्यात असल्यामुळे धाकट्यांना तिघांसमोर वाकून उभं राहावं लागलं. शेवटी ठरलं असं, की पार्सल घरपोच मिळेल, पण त्या पत्त्यावरच्या ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती.

ज्येष्ठ व्यक्ती तळमजल्यावर राहत होती. दुसऱ्या दिवशी धाकटे ऑफिसात असताना तिनं सही केली, पार्सल घेतलं, आणि ते वर काही आलं नाही.

"ते म्हणतात, पार्सलवर घराचा नंबर आहे आणि घर दोघांचं आहे," बायकोनं खालचा निरोप वर आणला.

"त्यांना म्हणावं, ती माझी वस्तू आहे!"

"म्हटलं मी जाऊबाईंना. त्या म्हणाल्या, द्यायचं मनात आहे त्यांच्या, पण हातातून सुटत नाही."

म्हणजे काय, ते धाकट्यांना संध्याकाळी कळलं. खालून आवाज यायला लागला. खटक् खट्, खटक् खट्. धाकट्यांनी पाय आपटला. आवाज थांबला आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः विरजण घेऊन वर आल्या, तेव्हा हळूच म्हणाल्या, "भावोजी, वायरसुद्धा जोडलेली नाही हो. आमच्याकडे कुठलं ते यंत्र? खुर्चीत बसतात, मांडीवर घेतात आणि नुसती दांडी फिरवतात. मधेच 'हं' म्हणतात. मला आधी वाटलं, दुखतंय कुठे."

त्या संध्याकाळी धाकट्यांनी टीव्ही बंद ठेवला. जमिनीखालून आधी खटक् आलं, मग अगदी बारीक, पण स्वच्छ "हं" आला. आणि धाकट्यांच्या उजव्या हाताची दोन बटणांची बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप पडली. न विचारता पडली. धाकटे स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. त्यांना भावाची आठवण आली. एका छपराखाली राहणाऱ्या माणसाची आठवण यावी यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, पण आली, आणि इतकी आली की त्यांना नाक शिंकरायला आत जावं लागलं. येत्या रविवारी आपण खाली जायचं, त्यांनी ठरवलं. जॉयस्टिक मागायच्या निमित्तानं जायचं. निमित्त असलं की अब्रू जात नाही.

पण धाकटे खाली जायच्या आधी त्यांची वंशावळ खाली पोचली. औषधवाले अंगठ्याची चौकशी करायला म्हणून वर आले होते. त्यांची नजर भिंतीवर गेली, लाल शाईवर थांबली, आणि ते पाणीही न पिता उतरले. गल्लीत तासाभरात खबर झाली की धाकट्यांनी वाटणीचे कागद काढलेत, वडिलांची दुसरी बायको निघालीय, आणि त्याहून भयंकर म्हणजे वडील हयात आहेत.

वहिनी वर आल्या त्या रडवेल्या होऊन. "भावोजी, खरं सांगा. मामंजींना दुसरी बायको होती?"

"अहो वहिनी, ती टकल्याची वंशावळ आहे!"

"कोण टकला?"

धाकट्यांनी पहिल्या भागापासून आठव्या भागापर्यंत सगळं समजावून सांगितलं. वहिनींनी शहाण्या बाईसारखं ऐकलं, खाली जाऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि परत येऊन नवऱ्याचं उत्तर सांगितलं. "ते म्हणतात, कागद काढायचे असतील तर खुशाल काढ. पण गुहा, वादळ आणि टकल्या असल्या थापा मारून मला कुक्कुलं बाळ समजू नकोस."

खरं बोलण्यात हीच तर अडचण आहे. खोटं बोलणारा निदान पटेल असं काहीतरी रचतो.

"आणि आम्ही जातोय," वहिनी म्हणाल्या. "आमच्या लेकीकडे, परगावी. कायमचे. रविवारी टेम्पो यायचाय."

"त्यांच्या गुडघ्यांवर इलाज करायला?" धाकट्यांनी कसंबसं विचारलं.

"गुडघे ठणठणीत आहेत त्यांचे. तिकडचे डॉक्टर चांगले आहेत, हवा चांगली आहे, हे सगळं लोकांना सांगायचं. खरं म्हणजे तिकडे नात बोलते. इथे वरून नुसते पावलांचे आवाज येतात, असं म्हणतात ते." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "तुम्ही एकदा खाली या, भावोजी. एक शब्द बोला. मी एक गाठोडं बांधणार नाही."

एक शब्द. वास्तविक काय जड होता? पण आळ धाकट्यांवर आलेला, थापाड्या म्हटलेलं धाकट्यांना, आणि वर त्यांनीच खाली जायचं? ते दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि दोनदा कुंडीला पाणी घालून परत आले. त्या कुंडीतलं रोप त्या आठवड्यात कुजलं.

रविवारी टेम्पो आला. हमालांनी पलंग चढवला, कपाट चढवलं, दोऱ्या आवळल्या. हेडमास्तर पेपर मागायला न येता फाटकाशी उभे राहिले. औषधवाले तोंड चुकवत दुकानाच्या पायरीवर उभे होते. धाकटे वरच्या गॅलरीत कठडा धरून उभे, आणि बायको त्यांच्या मागे. 

"बाबा," लेक म्हणाली, "तुमची जॉयस्टिक पण चालली." तिच्या बगलेत गेमचं यंत्र होतं आणि ती जिना उतरायलाही लागली होती.

धाकट्यांच्या जिवात जीव आला. वस्तू त्यांच्या मालकीची होती. ती नियमानुसार परत घेणं हे कर्तव्य होतं. कर्तव्यासाठी माणूस खाली जाऊ शकतो. धाकट्यांनी सदरा नीट केला आणि ते ऑफिसच्या पावलांनी जिना उतरले, मागोमाग बायकोही.

खोली रिकामी झाली होती. भिंतीवरचा टीव्ही तेवढा राहिला होता, त्याच्यासमोर एक खुर्ची, खुर्चीत थोरले, आणि त्यांच्या मांडीवर जॉयस्टिक. हमालांना त्यांनी तिला हात लावू दिला नव्हता.

"यांना म्हणावं," धाकटे बायकोला म्हणाले, "ती माझी वस्तू आहे."

"त्यांना म्हणावं," थोरले वहिनींना म्हणाले, "घेऊन जा. मला काय करायचीय?" पण डावा हात दांडीवरून हलला नाही.

"आधी ती चालते का ते बघू, मग भांडा," लेकीनं वायरी जोडल्यासुद्धा. टीव्हीवर वादळ गरजलं, आणि पडद्यावर टकल्या कमरेवर हात ठेवून उभा राहिला. थोरल्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूच पुढे झुकले. काय त्याला चालवलं म्हणून सांगू! टकल्या वाकला, निसटला, उडी मारून पाठीमागे गेला, त्यानं वेणीवालीला भुलवून दमवून टाकलं. फक्त तो मारत नव्हता. एकही फटका नाही.

"मोठे काका, मारा ना!" लेक ओरडली आणि तिनंच मारायला सुरुवात केली.

थोरल्यांनी बटणांकडे पाहिलं, तिऱ्हाईताच्या घरात शिरल्यासारखं. त्यांचा उजवा हात मांडीच्या कडेला उताणा पडला होता. आणि खुर्चीत ते सबंध बसलेच नव्हते. डावीकडे सरकून, उजव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून बसले होते.  इतकी वर्षं झाली, तरी दादा अजून जागा सोडून बसत होता.

खुर्चीशेजारी भांड्यांचं खोकं होतं. धाकटे त्यावर बसले. खोक्यातलं काहीतरी फुटलं, पण वहिनी चकार शब्द बोलल्या नाहीत. टकल्या बेदम मार खात होता. खालची पट्टी भरत होती, भरत होती, काठोकाठ भरली. थोरल्यांचा डावा हात मागे गेला आणि अर्धा गोल घेत पुढे आला.

"हं."

धाकट्यांची दोन्ही बोटं पडली. टकल्या गरगरला, पडदा पांढराफटक झाला, आणि वेणीवाली जी उडाली ती भिंत फोडून पलीकडे. लेकीच्या हातातला रिमोट खाली पडला. खिडकीबाहेर हेडमास्तरांनी टाळी वाजवली आणि मग आपण वाजवली नाही असं दाखवलं.

 मग थोरले पडद्याकडे बघत म्हणाले, "उशिरा दाबलंस."

"तू उशिरा म्हणालास, दादा."

"मी वेळेवर म्हणालो. तुझी बोटं जाड झालीत."

"आणि तुझं तोंड जड झालंय."

"वंशावळ काढतोस म्हणे माझ्या मागे."

"टकल्याची आहे रे ती! चल वर, दाखवतो. गुरू गुहेत आहे, दुसऱ्या बायकोचा पोरगा आहे, चौथ्या भागात तर टकल्या नाहीच."

"टकल्या नाही? मग तो भाग घेतला कोणी?" थोरले खरोखर चिडले. मग एकदम त्यांच्या सगळं लक्षात आलं आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते पुसणं हसणं थांबल्यावरही जरा चालूच राहिलं.

हमाल दारात आला. "साहेब, टीव्ही काढू का? गाडी थांबलीय."

थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. दांडीवर हात तसाच ठेवून ते धाकट्यांकडे वळले. "तू सांग," ते म्हणाले.

धाकट्यांनी जन्मभर दादाच्या "हं"ची वाट पाहिली होती. तो म्हणायचा आणि हे दाबायचे, असाच नियम होता. आपल्यावर कधी म्हणायची पाळी येईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घसा खाकरून ते काहीतरी नीट, रीतसर बोलायला गेले. जाऊ नकोस म्हणायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं, अधिकाऱ्यासमोर म्हणायचं राहिलेलं ते वाक्यही म्हणायचं होतं. सगळं मिळून तोंडातून एकच निघालं.

"हं," धाकटे म्हणाले.

"ऐकलंस ना?" थोरले हमालावर खेकसले. "कपाट उतरव."

वहिनी टेम्पोशी कधीच पोचल्या होत्या. गाठोडी त्यांनी एकट्यानंच उतरवून घेतली. त्यांत नुसत्या उशा होत्या.